आकाशाच्या तराजूचा पासंग

बाजारांत धान्य घ्यावयास गेलेलें जाणतें गिऱ्हाईक आधीं धान्याकडे पाहत नाहीं; तें आधीं मापाकडे पाहतें. मापावर सरकारी छाप आहे कीं नाहीं, त्याच्या बुडाला पोचा तर पडलेला नाहीं ना, तराजू रिकामा उचलला असतां दांडी सरळ राहते कीं एका बाजूला झुकते, हें त्याला प्रथम पाहून घ्यावयाचें असतें. रिकाम्या तराजूच्या या झुकण्यालाच पासंग म्हणतात. पासंग किती आहे हें कळलें म्हणजे वाईट तराजूनेंहि खरें वजन करतां येतें. पण तो कळला नाहीं, तर सोनें तोलणारा कांटासुद्धां फसवितो.

आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी मोजणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें विसाव्या शतकांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यांना जो माल तोलावयाचा होता तो अतिशय सूक्ष्म. त्या मालाच्या एककाला १९७३ सालीं 'जान्स्की' असें नांव देण्यांत आलें. एका वॅटचे, एकावर २६ शून्यें देऊन होणाऱ्या संख्येइतके भाग करावेत; त्यांतील एक भाग जर एका चौरस मीटरवर, कंपनसंख्येच्या एका एककामागें पडत असेल, तर ती शक्ति एक जान्स्की. असा माल तोलावयाचा तर तराजूचा पासंग मालाहून किती तरी पटींनीं मोठा असतो. तो पासंग शोधून काढण्यासाठीं जीं साधीं, ओबडधोबड दिसणारीं एरियलें उभारलीं गेलीं, त्यांचा इतिहास मोठमोठ्या दुर्बिणींच्या इतिहासाइतका गाजलेला नाहीं. परंतु विश्वाच्या जन्मासंबंधींचा एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा अशाच एका एरियलांतून बाहेर पडला. आणि तो सांपडला तो पासंगाचा हिशेब कांहीं केल्या जुळेना म्हणून.

या शास्त्राचा आरंभ अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांतील होल्मडेल या गांवीं झाला. समुद्रापलीकडील टेलिफोन-संभाषणांत व्यत्यय आणणारी खरखर कोठून येते, हें शोधण्याचें काम बेल टेलिफोन प्रयोगशाळेनें कार्ल जान्स्की या तरुण इंजिनियरांकडे सोंपविलें होतें. त्यांनीं मोकळ्या शेतांत सुमारें १०० फूट लांबीचें एरियल उभारलें आणि तें फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवून दर २० मिनिटांस एक फेरी घेईल असें फिरतें ठेविलें. जवळच्या वादळांची खरखर निराळी, दूरच्या वादळांची निराळी; परंतु या दोहोंखेरीज एक मंद, अखंड फुत्कार मागें उरे. तो रोज सुमारें ४ मिनिटें आधीं शिगेला पोंचे. सूर्याचा दिवस २४ तासांचा, तर ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. तेव्हां हा आवाज पृथ्वीवरचा नव्हे, सूर्याचाहि नव्हे. तो आकाशगंगेंतून, मुख्यतः धनु राशीच्या दिशेनें येत आहे, असें त्यांनीं १९३३ सालीं जाहीर केलें.

आवाज कोठून येतो हें कळलें. तो किती आहे हा प्रश्न राहिला. त्याचें अर्धें उत्तर त्याच प्रयोगशाळेंत आधींच तयार होतें. १९२८ सालीं जे. बी. जॉन्सन व हॅरी नायक्विस्ट यांनीं दाखवून दिलें होतें कीं, विजेला विरोध करणाऱ्या कोणत्याहि तुकड्यांत उष्णतेमुळें विजेचे कण सदैव अस्वस्थ असतात व त्यांतून एक खरखर उत्पन्न होते. उष्णतामान दुप्पट झालें कीं या खरखरीची शक्तिहि दुप्पट होते. मात्र येथें अंश मोजावयाचे ते बर्फाच्या शून्यापासून नव्हेत. ज्याच्या खालीं थंडी जाऊंच शकत नाहीं अशा केवल शून्यापासून. तें शून्य बर्फाच्या शून्याखालीं सुमारें २७३ अंशांवर आहे. म्हणजे ग्राहक यंत्राला एकदां एरियल जोडावें, एकदां ज्ञात उष्णतामानाचा तुकडा जोडावा, आणि दोन्ही खरखरींची तुलना करावी. मग आकाशाची ती दिशा अमुक अंशांची आहे असें सांगतां येतें. १९४६ सालीं रॉबर्ट डिक यांनीं ही अदलाबदल सेकंदांत अनेक वेळां आपोआप करणारी योजना प्रसिद्ध केली. तिच्यामुळें यंत्रांतील वर्धकाचा चंचलपणा हिशेबांतून बराचसा वगळतां येऊं लागला.

परंतु हें झालें यंत्राच्या पोटांतलें माप. त्याच्या तोंडाशीं जें एरियल असतें त्याचें काय? १९३७ सालीं ग्रोट रीबर यांनीं इलिनॉय संस्थानांतील व्हीटन गांवीं आपल्या घराच्या परसांत सुमारें ३१ फूट व्यासाची पत्र्याची परात स्वखर्चानें उभारली, आणि पुढें परात हेंच या शास्त्राचें ओळखीचें चिन्ह होऊन बसलें. परात दूरच्या लहरी गोळा करून आपल्यापुढें टांगलेल्या लहानशा ग्राहकावर टाकते. ती जितकी मोठी तितका माल अधिक. पण तिच्या अंगावर पडलेल्या मालापैकीं नेमका किती आंत पोंचला, हें केवळ कागदावरच्या गणितानें सांगणें कठीण. ग्राहकाला धरून ठेवणारे पाय वाटेंत सावली टाकतात. पत्र्याला सूक्ष्म उंचवटे असतात. ग्राहकाची नजर सगळ्या परातीवर सारखी पडत नाहीं, आणि तिचा कांहीं अंश कांठाबाहेर सांडून जमिनीवर जातो. जमीन तर केवल शून्यापासून मोजल्यास ३०० अंशांच्या आसपास तापलेली. त्या उबेचा शंभरावा हिस्सा जरी आंत शिरला, तरी हिशेबांत ३ अंश फुकटचे चढतात. हा ३ अंशांचा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण पुढील कथेंत याच आंकड्यावर सर्व कांहीं अवलंबून होतें.

या अडचणींतून वाट दाखविली ती कर्ण्यानें. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा ज्या श्रोत्यांनीं पाहिला असेल, त्यांना या एरियलची कल्पना सहज येईल. धातूच्या चार सपाट भिंतींचें, एका टोंकाला निमुळतें व दुसऱ्या टोंकाला रुंद असें हें एक चौकोनी नरसाळेंच. त्याच्या तोंडासमोर टांगलेला ग्राहक नाहीं, त्याला धरणारे पाय नाहींत, म्हणून सावलीहि नाहीं. लहर तोंडांतून शिरते व भिंतींच्या आधारानें निमुळत्या टोंकाशीं पोंचते. तोंडाची लांबीरुंदी आणि भिंतींचा उतार मोजला कीं त्याची ग्रहणशक्ति विद्युच्चुंबकीय लहरींच्या नियमांवरून गणितानें काढतां येते. शिवाय बाजूनें व पाठीमागून येणारी जमिनीची ऊब बहुतेक बाहेरच राहते. दोष एकच, तो म्हणजे कर्णा परातीइतका प्रचंड करणें परवडत नाहीं. तो थोडाच माल तोलतो; पण जेवढा तोलतो तेवढा प्रामाणिकपणें. छाप मारलेलें माप लहान असलें तरी चालतें. त्यावरून मोठीं मापें पडताळून घेतां येतात.

कर्ण्यानें निव्वळ मोजमापच केलें असें नाहीं. १९५१ च्या मार्च महिन्यांत हार्वर्ड विद्यापीठांत हॅरोल्ड युएन व एडवर्ड पर्सेल यांना आकाशांतील हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची लहर प्रथम सांपडली, ती प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसविलेल्या कर्ण्यांतून. तो लांकडी फळ्यांचा असून आंतून तांब्याच्या पत्र्यानें मढविलेला होता. त्याचें तोंड वर असल्यामुळें पाऊस पडला म्हणजे पाणी त्यांतून थेट प्रयोगशाळेंत येई. तरीहि मापाच्या पडताळणीसाठींच म्हणून मुद्दाम बांधलेला कर्णा पाहावयाचा तर वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील ग्रीन बँक येथें जावें लागतें.

ग्रीन बँकच्या राष्ट्रीय रेडिओ-ज्योतिष वेधशाळेनें १९५९ सालीं टेंकडीच्या उतारावर १२० फूट लांबीचा ॲल्युमिनियमचा कर्णा बांधला. तो हलत नसे, वळत नसे. त्याचें तोंड आकाशांतील एका ठराविक जागेकडे कायमचें लावून ठेविलेलें होतें, आणि दिवसांतून एकदां पृथ्वीच्या फिरण्यानें एकच उगम त्याच्या समोरून जाई. तो उगम म्हणजे शर्मिष्ठा नक्षत्रांतील 'कॅसिओपिया ए'. केंब्रिजच्या मार्टिन राइल व ग्रॅहॅम स्मिथ यांना तो १९४८ सालीं सांपडला होता. सुमारें ११,००० प्रकाशवर्षांवर स्फोट होऊन फुटलेल्या एका ताऱ्याचे ते अवशेष. रेडिओ-लहरींच्या दृष्टीनें सूर्यमालेबाहेरील उगमांत तो इतका प्रखर कीं, लहान तोंडाच्या कर्ण्यालाहि तो स्पष्ट ऐकूं यावा. उत्तर गोलार्धांतील वेधशाळा आपापल्या पराती त्याच्याकडे वळवून त्यावरून इतर उगमांचें वजन ठरवूं लागल्या होत्या. तेव्हां या एका उगमाचें खरें वजन एकदां निश्चित झालें, म्हणजे त्यावर बेतलेले सर्व आंकडे मार्गी लागणार होते.

परंतु येथें एक विलक्षण अडचण उघडकीस आली. १९६० सालीं रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनीं असें भाकीत केलें कीं, फुटलेल्या ताऱ्याचे हे अवशेष पसरत असल्यामुळें त्यांची रेडिओ-शक्ति दरसाल मंदावत गेली पाहिजे. पुढच्याच वर्षीं केंब्रिजच्या हॉग्बोम व शेकशाफ्ट यांना जुन्या व नव्या मोजण्या ताडून पाहतां ही घट खरोखरच आढळली. ती वर्षास सुमारें एक टक्का होती. पुढील मोजण्यांत तो आंकडा कांहींसा कमी भरला, पण घट खरी ठरली. ज्याला माप मानावयाचें तें मापच झिजत होतें! अशा प्रसंगीं निव्वळ तुलना पुरत नाहीं. दोन वस्तूंचें परस्पर-प्रमाण बदललें तर त्यांतील कोणती बदलली, हें तुलना स्वतः होऊन सांगत नाहीं. त्यासाठीं आकाशावर अवलंबून नसलेलें, फूटपट्टी आणि थर्मामीटर यांवरच उभें असलेलें माप लागतें. टेंकडीवरचा तो अचल कर्णा नेमका तसा होता. जॉन फिंडले, ह्वाट्टम व वॉल्टमन यांनीं त्याच्या साहाय्यानें केलेलें कॅसिओपिया ए चें निरपेक्ष मापन १९६५ सालीं प्रसिद्ध झालें.

त्याच वर्षीं होल्मडेलच्या दुसऱ्या एका कर्ण्यानें जगाचें लक्ष वेधून घेतलें. जान्स्की यांच्या शेतापासून जवळच क्रॉफर्ड हिल नांवाची टेंकडी आहे. तेथें बेल प्रयोगशाळेनें १९५९ च्या सुमारास २० फूट तोंडाचा व सुमारें ५० फूट लांबीचा कर्णा उभारला होता. जान्स्की यांचे वरिष्ठ हॅराल्ड फ्रीस यांनीं ए. सी. बेक यांच्यासह कर्ण्याच्या तोंडाशीं वांकडा आरसा जोडण्याची युक्ति पूर्वींच काढली होती. हा कर्णा त्याच जातीचा. १९६० सालीं आकाशांत सोडलेल्या 'एको' या फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणारे क्षीण संदेश ऐकणें हें त्याचें मूळ काम. ई. ए. ओम यांनीं १९६१ सालीं त्याच्या खरखरीचा हिशेब प्रसिद्ध केला. हवा, जमीन, पत्रे, वर्धक या सर्वांची बेरीज १८.९ अंश व्हावयास हवी होती. प्रत्यक्ष मोजणींत २२.२ अंश भरले. फरक ३.३ अंशांचा. परंतु बेरजेंतच ३ अंशांची व मोजणींत २ अंशांहून थोडी अधिक चूक संभवत होती. हिशेबनिसाच्या दृष्टीनें हा फरक चुकीच्या मर्यादेंतच मोडत होता, आणि तो तसाच राहिला. यांत कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. पासंगच इतका मोठा होता कीं त्याच्याआड ३ अंश सहज दडून राहत.

पुढें हा कर्णा आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन या दोन तरुण शास्त्रज्ञांच्या हातीं आला. आकाशगंगेभोंवतालच्या मंद तेजाचें निरपेक्ष मापन करावें, कॅसिओपिया ए चें खरें वजन काढावें, असा त्यांचा मानस होता. त्यासाठीं पेन्झियस यांनीं तुलनेचा तुकडा द्रव हेलियमच्या थंडींत ठेवून सुमारें ५ अंशांचें एक प्रमाण तयार केलें. तापलेल्या तुकड्याशीं थंड आकाशाची तुलना करणें म्हणजे मणाच्या वजनानें गुंज तोलणें; त्यांनीं गुंजेजवळ गुंज ठेविली. मग ४०८० मेगासायकल्स कंपनसंख्येवर, जेथें आकाशगंगेची खरखर जवळजवळ असूंच नये, तेथें त्यांनीं प्रथम रिकाम्या तराजूची पारख आरंभिली.

दांडी सरळ राहीना. कर्णा सरळ माथ्यावर रोखला असतां ६.७ अंश भरत. त्यांतील २.३ अंश हवेचे. कर्ण्याच्या पत्र्यांतील विरोध आणि मागून शिरणारी जमिनीची ऊब मिळून ०.९ अंश. बाकी ३.५ अंश उरत, आणि त्यांत फार तर एक अंश इकडे-तिकडे. हे साडेतीन अंश कोठून येतात? न्यूयॉर्क शहराकडे तोंड वळवून पाहिलें. शहर अपराधी नव्हतें. ऋतु बदलले, तरी आंकडा बदलला नाहीं. म्हणजे सूर्यमालेंतील अथवा आकाशगंगेंतील एकाद्या उगमाकडे बोट दाखवितां येईना. कर्ण्याच्या आंत कबुतरांच्या एका जोडीनें बिऱ्हाड थाटलें होतें. त्यांना हालविलें, त्यांची घाण धुऊन काढली. पत्र्यांच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटविल्या. जो फरक पडला तो नांवापुरता. परातीचें एरियल असतें तर जमिनीची ऊब सांडून आली असेल, एवढ्या एका उत्तरानें प्रकरण मिटलें असतें. परंतु हा कर्णा होता. त्याच्या भिंती जमिनीला किती वाट देतात हें गणितानें माहीत होतें, आणि तें गणित ३ अंश द्यावयास तयार नव्हतें.

सुमारें ५० किलोमीटरवर प्रिन्स्टन विद्यापीठांत रॉबर्ट डिक, जिम पीबल्स आणि त्यांचे सहकारी याच सुमारास निराळ्या वाटेनें त्याच जागेकडे येत होते. विश्वाचा आरंभ अत्यंत तप्त अवस्थेंत झाला असेल तर त्या उष्णतेचा निवत आलेला अवशेष आजहि सर्व दिशांनीं सारखा येत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. आणि तो शोधण्यासाठीं ते एक लहान कर्णाच बांधीत होते. राल्फ अल्फर व रॉबर्ट हर्मन यांनीं तर १९४८ सालींच असा अवशेष सुमारें ५ अंशांचा असावा असें लिहून ठेविलें होतें. पण तें त्या वेळीं बहुतेकांच्या विस्मृतींत गेलें होतें. दोन्ही गटांची गांठ पडली, आणि १९६५ च्या जुलै महिन्यांत दोघांचे लेख एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. पेन्झियस व विल्सन यांच्या लेखाचें शीर्षकसुद्धां मापाऱ्याला शोभणारें होतें. त्यांत विश्वाचा उल्लेख नव्हता. ४०८० मेगासायकल्सवर एरियलच्या उष्णतामानांत कांहीं अधिक आढळलें, एवढीच नोंद होती. त्या 'अधिका'बद्दल त्यांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यानंतरहि ही पारख संपली नाहीं. ती अधिकच कडक झाली. १९८९ च्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेनें आकाशांत सोडलेल्या 'कोबे' उपग्रहावर या अवशिष्ट उष्णतेचें मापन करणारें एक यंत्र होतें. त्याचेंहि तोंड कर्ण्याचेंच. त्या कर्ण्यांत बसणारें एक काळें बूच उपग्रहाबरोबरच पाठविलेलें होतें. त्या बुचाचें उष्णतामान हवें तसें ठेवतां येई. अधूनमधून तें कर्ण्यांत बसवावयाचें, आणि आकाश व बूच यांत कांहीं भेद दिसतो काय हें पाहावयाचें. या पद्धतीनें साडेतीन अंशांचा तो आंकडा अखेर २.७२५ अंशांवर स्थिरावला. हें काम चालविणारे जॉन मेदर यांस २००६ सालीं जॉर्ज स्मूट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

पासंग ओळखण्यांत किती पणाला लागलेलें असतें, याचें अगदीं अलीकडचें उदाहरण भारतांत घडलें. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागांत जमिनीवर मांडलेल्या 'एजेस' या एरियलवरून कांहीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें जाहीर केलें कीं, विश्वांतील पहिले तारे पेटले त्या काळाची खूण ७८ मेगासायकल्सच्या आसपास सांपडली आहे. ती खूण अपेक्षेहून पुष्कळच खोल होती. ती खरी असेल तर पदार्थविज्ञानाच्या कांहीं प्रस्थापित कल्पना बदलाव्या लागणार होत्या. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तिची परीक्षा घेण्यासाठीं 'सारस' नांवाचें शंकूच्या आकाराचें एरियल बनविलें, आणि तें जमिनीवर न ठेवतां कर्नाटकांतील दंडिगनहळ्ळीच्या तलावांत व शरावतीच्या फुगवट्याच्या पाण्यांत तरंगत सोडलें. कारण तेंच जुनें. जमिनीच्या पोटांत थर असतात, दगड असतात, ओल असते. त्यांवरून परतणारी लहर हिशेबांत धरणें कठीण. खोल पाणी मात्र सर्वत्र सारखें. २०२२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत ती खूण आढळली नाहीं. आकाशाचें म्हणून जें वाटलें तें यंत्राचें तर नसेल, हा प्रश्न त्यामुळें पुन्हां पुढें आला.

महाराष्ट्रांत हीच पारख नित्य चाललेली पाहावयाची तर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळच्या खोडद गांवीं जावें. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तेथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० पराती उभारल्या आहेत. त्यांचें अंग पत्र्याचें नसून बारीक तारांच्या जाळ्याचें आहे. इतक्या मोठ्या परातींचें ग्रहण गणितानें काढीत बसण्यापेक्षां, ज्याचें वजन आधींच ठरलेलें आहे अशा उगमाकडे त्या वळविणें सोयीचें. केंब्रिजच्या तिसऱ्या यादींतील ४८, १४७ व २८६ या क्रमांकांचे उगम यासाठीं तेथें नेहमीं वापरले जातात. या उगमांचीं वजनें आलीं कोठून? १९७७ सालीं बार्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगभरच्या निरपेक्ष मोजण्या एकत्र करून एक प्रमाण ठरविलें. त्या मोजण्यांचा पाया म्हणजे कॅसिओपिया ए सारखे मोजके प्रखर उगम, आणि त्या उगमांना तोलणारे कर्णे व तशींच साधीं एरियलें. पुढें मंगळाच्या उष्णतामानाचा आधार घेऊन हें प्रमाण पुन्हां तपासून सुधारण्यांतहि आलें.

खोडदच्या पराती रात्रीं एकाद्या अनोळखी दीर्घिकेचा वेध घेणार असल्या, तरी त्यांचीं तोंडें प्रथम तिच्याकडे वळत नाहींत. तीं आधीं वजन ठरलेल्या एका जुन्या, ओळखीच्या उगमाकडे वळतात, कांहीं मिनिटें तेथें थांबतात, आणि मग कामाला लागतात. मालाला हात घालण्यापूर्वीं रिकाम्या तराजूची दांडी पाहून घेण्याचा बाजारांतला रिवाज तोच आहे.